साडेसत्तावीस किलोचा बोरा

त्या वर्षी कागदाची टंचाई होती. मुलांच्या वह्या मिळत नव्हत्या, वर्तमानपत्राची पानं कमी झाली होती, आणि आमच्या कार्यालयात कोऱ्या कागदाची रिमं कपाटात कुलूप लावून ठेवावी लागत. किल्ली माझ्याकडे असे. मी तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क होतो. आमच्याकडे हेडक्लार्कला सगळे बडेबाबू म्हणत. वय सेहेचाळीस, घरी बायको आणि तीन मुलं, आणि पाठीत कायमची कळ.

पावसाळ्याच्या शेवटी वरून पत्र आलं. वापरलेला कागद जाळू नये, फेकू नये. प्रत्येक कार्यालयाने तो वेगळा गोळा करावा, बोऱ्यात भरावा आणि दर महिन्याला ठरलेल्या ठेकेदाराला द्यावा. तो गिरणीत जाईल, त्याचा लगदा होईल आणि पुन्हा कागद तयार होईल. तोवर आमच्या टोपल्यांतला कागद चौकीदार हिवाळ्यात शेकोटीला वापरत असे आणि उन्हाळ्यात मागच्या आवारात पेटवून देत असे. त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

साहेबांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बडेबाबू, हे तुम्हीच बघा. आकडे तुम्हालाच नीट ठेवता येतात."

खोटं कशाला लिहू, पहिले पंधरा दिवस मला ते काम आवडलं. मी सगळ्या शाखांत फिरून टोपल्या मोजल्या, तेवीस निघाल्या. नियम केले. एका बाजूने कोरा असलेला कागद, म्हणजे पाठकोरा, वेगळा काढायचा आणि त्याच्या टिपणवह्या शिवायच्या. दोन्ही बाजूंनी भरलेला कागद बोऱ्यात. टाचण्या काढून डबीत. एक रजिस्टर आखलं: बोऱ्याचा क्रमांक, तारीख, वजन, भरणाऱ्याची सही. आमच्या दप्तरखान्यात रेशनिंगच्या काळातला धान्य मोजायचा एक काटा गंजत पडला होता. तो घासून, तेल घालून चालू केला. अर्ध्या किलोच्या फरकापर्यंत तो खरं सांगत असे.

बोरे भरायचं आणि शिवायचं काम दफ्तरीकडे होतं. दफ्तरी म्हणजे दप्तरखाना सांभाळणारा, कागद टाचून, शिवून त्यांचे गठ्ठे बांधणारा माणूस. आमचा दफ्तरी रामटेकजवळच्या एका खेड्यातला, घरचं थोडं धानाचं शेत असलेला. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा होता, म्हणून मी त्याला दफ्तरीभाऊ म्हणत असे. पुढच्या मे महिन्याअखेर तो निवृत्त व्हायचा होता. त्याच्या हातात दाभण असलं की बघत राहावं. बोऱ्याच्या तोंडावर तो असे टाके घाली की एकातून दुसऱ्यापर्यंतचं अंतर मोजलं तर केसाचा फरक निघाला नसता.

पहिल्या महिन्यात आमचे बोरे सरासरी पंधरा किलोचे भरले. शेजारच्या कार्यालयाचे चोवीस किलोचे. दोन्हीकडचे बोरे सारखेच, कागद सारखाच. कारण शोधायला मी मागच्या व्हरांड्यात गेलो. शेजारचा चपराशी बोऱ्यात उभा राहून दोन्ही पायांनी कागद दाबत होता, द्राक्षं तुडवावीत तसा. आमचा दफ्तरी हाताने, कोपराने, फार तर गुडघ्याने दाबत होता, आणि गुडघ्याखालीही फडकं ठेवत होता.

"दफ्तरीभाऊ, जरा पायानं दाबा की. नऊ किलोचा फरक पडून राहिला आहे."

"ते नाई जमत, बडेबाबू."

"काहून?"

"कागदावर पाय कसा देऊ? लिहिलेला कागद हाये."

"अहो, रद्दी आहे ती. लगदा होणार आहे तिचा."

"होऊ द्या न लगदा. गिरनीवाल्यानं तुडवावं. मीनं सव्वीस वरसं हे कागद शिवले, आता त्यायच्यावर नाचू का?"

शेजारचा चपराशी बोऱ्यातूनच ओरडला, "ये गा बुढ्या, म्या नाचून राहिलो न, मले काई पाप लागलं का?"

"तुले अजून अक्कलच नाई लागली त पाप कुठून लागन?" दफ्तरी म्हणाला, आणि सुतळी ओवायला लागला.

मी हसलो आणि टेबलाकडे परत आलो. मीही लहानपणापासून कागदाला पाय लागला की उचलून कपाळाला लावत आलो होतो. आमच्या कार्यालयात खंडेनवमीला रजिस्टरांची, टाइपरायटरची, शिक्क्यांची पूजा होई आणि फुलं वाहायला मीच पुढे असे. त्याला मी काय शिकवणार? पण रजिस्टरात दर आठवड्याला पंधरा, साडेचौदा, सोळा असे आकडे लिहिताना माझा हात जड होई. साहेबांनी दुसऱ्या महिन्यात विचारलंच, "आपला बोरा एवढा हलका का?" मी म्हणालो, "सर, आमच्याकडे कागद कमी वापरला जातो." हे खरं नव्हतं. कागद कमी असता तर बोरे कमी भरले असते, हलके नव्हे. साहेबांच्या ते लक्षात आलं की नाही मला माहीत नाही.

त्याच सुमारास मी दफ्तरीचं सेवापुस्तक तपासायला घेतलं. पेन्शनचे कागद सहा-सात महिने आधी पाठवावे लागत. पूर्ण पेन्शनला तेव्हा आमच्याकडे तीस वर्षांची सेवा भरावी लागे. त्याच्या सेवापुस्तकात निवृत्तीपर्यंत धरून पंचवीस वर्षं नऊ महिन्यांची कायम नोकरी होती. त्याआधी साडेचार वर्षं तो रेशनिंगच्या कामावर हंगामी होता. ती धरली तर तीस वर्षं तीन महिने होत होते. पण पहिल्या पानावर नुसतं 'पूर्वी हंगामी' एवढंच लिहिलेलं, ना सही, ना तपशील. मूळ दप्तर राज्यांची फेररचना झाली तेव्हा भोपाळला गेलेलं. तिथे दोनदा लिहून पाहिलं, उत्तर आलं नाही.

मी त्याला बोलावून सांगितलं, "दफ्तरीभाऊ, हंगामी नोकरीचा पुरावा नसला तर पेन्शन कमी बसेल. काही आहे का तुमच्याजवळ?"

तो बिलकूल घाबरला नाही. "हाये न. चोपन महिन्याचे चोपन हजेरीचे कागद. मीनंच जपून ठेवले हायेत. धान कापून आलो की आनून देतो."

"कुठे ठेवलेत?"

"हायेत बराबर जागी."

मी अधिक विचारलं नाही. घरी ठेवले असतील असं मी धरून चाललो. तो दहा दिवसांची रजा टाकून धानाच्या कापणीला गावी गेला. ती रजा तो दरवर्षी घेत असे.

तो गेल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला सांगितलं की महिनाअखेर सगळ्या कार्यालयांच्या वजनांचा तक्ता वर जाणार आहे आणि आपण खालून दुसरे आहोत. ते रागावले नव्हते. नुसतं सांगून दौऱ्यावर निघून गेले. मला मात्र त्या तक्त्यातली ती ओळ दिवसभर दिसत राहिली.

टोपल्यांतला कागद वाढणार नव्हता. मी दप्तरखाना उघडला. तिथे नाश करायला योग्य ठरलेले जुने गठ्ठे पूर्वेकडच्या मांडणीवर पडून होते. त्यांची यादी मंजूर होती, नाश कुणी केला नव्हता एवढंच. कागद तपासल्याशिवाय टाकायचा नाही हा माझाच नियम होता, पण एकेक पान बघायचं तर महिना गेला असता. म्हणून मी एक पद्धत ठरवली. प्रत्येक गठ्ठ्यातला वरचा कागद, मधला कागद आणि खालचा कागद दोन्ही बाजूंनी बघायचा. तिन्ही टाकाऊ निघाले तर गठ्ठा टाकाऊ. एका दिवसात मी एक्केचाळीस गठ्ठे तपासले. पद्धत मला चांगली वाटली होती, हे कबूल केलं पाहिजे.

शेवटचा गठ्ठा रद्द केलेल्या रेशनच्या फॉर्मांचा होता. दीडशेच्या वर कागद, प्रत्येकावर लाल पेन्सिलीने फुली. वरच्याच्या पाठीवर कसलीशी बेरीज. मधल्याच्या पाठीवर गोदामातल्या पोत्यांची मोजदाद. खालच्याच्या पाठीवर काही नाही. मी गठ्ठ्याची सुतळी सोडली, लाल फडकं घडी करून पुन्हा वापरायला बाजूला ठेवलं आणि कागद बोऱ्यात घालायला लागलो.

बोरा भरला, पण नुसता फुगलेला. दफ्तरी नव्हता. दुसरा चपराशी डाक घेऊन गेलेला. मी दप्तरखान्याचं दार लोटलं, चपला काढल्या, मांडणीला धरून बोऱ्यात चढलो आणि दाबायला लागलो. आधी हळू, मग जोर देऊन. कागद खाली बसत गेला तसा मी आणखी भरत गेलो. शेवटच्या गठ्ठ्यातले थोडे कागद उरले ते पुढच्या बोऱ्यात टाकले. उतरलो तेव्हा टाचा काळ्या झाल्या होत्या. बोऱ्याचं तोंड मीच शिवलं, कसंबसं. काट्यावर लावला. साडेसत्तावीस किलो.

त्या महिन्यातला तो आमचा सर्वांत जड बोरा होता. रजिस्टरात सोळावा क्रमांक लिहून, वजन लिहून, भरणाऱ्याच्या रकान्यात मी माझी सही केली. चार दिवसांनी ठेकेदाराची हातगाडी आली आणि एकोणीस बोरे घेऊन लकडगंजला गेली.

दफ्तरी रजेवरून आला तो थेट दप्तरखान्यात गेला. मी काम करत होतो. थोड्या वेळाने तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. हातात मी घडी केलेली लाल फडकी होती.

"बडेबाबू, पूर्वेकडच्या मांडणीवर लाल फुलीचा गठ्ठा होता."

"रद्द फॉर्मांचा? तो गेला. यादीत होता तो."

"त्याच्यात माहे कागद होते."

मला समजलं नाही. त्याने सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आणि त्यानंतरच्या वर्षांत कागद मिळत नव्हता, तेव्हा रेशनिंगच्या कार्यालयात हंगामी लोकांची हजेरी रद्द झालेल्या फॉर्मांच्या पाठीवरच घेत. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला महिन्याची हजेरी, खाली अधिकाऱ्याची सही. पुढे ते कार्यालय मोडलं तेव्हा त्याने आपले चोपन्न कागद वेचून त्याच गठ्ठ्यात घातले आणि गठ्ठा इथल्या दप्तरखान्यात आणून ठेवला. वाळवी खालून लागते, धूळ आणि ओल वरून, आणि उंदीर मधोमध घर करतो. म्हणून त्याने ते ना वर ठेवले, ना खाली, ना मधोमध. मधल्याच्या जरा खाली, खालच्याच्या जरा वर. गठ्ठ्याला नाव लिहिलं नव्हतं, कारण टाकाऊ गठ्ठ्याला कुणी हात लावत नाही हे त्याला माहीत होतं, आणि सव्वीस वर्षं ते खरंही ठरलं होतं.

"तुमी पाह्यलं नाई का?" त्याने विचारलं.

"पाहिलं. वरचा, मधला, खालचा."

 त्याने फडकी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली आणि तो बाहेर व्हरांड्यात जाऊन स्टुलावर बसला.

मी अर्ध्या दिवसाची रजा लिहून दिली, रजिस्टर पिशवीत घातलं आणि आम्ही दोघे सायकलींवर लकडगंजला निघालो.  रस्त्यात इतवारीकडून येणाऱ्या हातगाड्यांच्या गर्दीत माझी सायकल अडली तेव्हा तो पुढे थांबून वळून बघत होता, मी येतो की नाही म्हणून.

ठेकेदाराचं गोदाम पत्र्याचं. आत कागदाचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी सात-आठ बाया कागद निवडत बसलेल्या. पांढरा वेगळा, रंगीत वेगळा, पुठ्ठा वेगळा. नाकातोंडाला पदर. ठेकेदार गल्ल्यावर होता. त्याला सांगितलं तर त्याने कपाळाला हात लावला.

"बडेबाबू, तीन ऑफिसचे बोरे आले त्या हप्त्यात. खडूनं नंबर टाकले होते, ते पुसले. अर्धे त फोडले, गठ्ठे बांधून ट्रक गेला बी. हे पन्नास-साठ राहिले. आता तुमचा कोन्ता, मले कसं समजन?"

एक बाई पदराआडून म्हणाली, "काय वं, सरकारनं रद्दीत खजिना टाकला का?"

दुसरी म्हणाली, "खजिना असता त मोठा सायेब आला असता गाडीत. हे त सायकलवाले हायेत."

"मग बायकोची चिठी असन."

"ह्या वयात कोन लिहिते वं चिठी?"

सगळ्या हसल्या. दफ्तरी त्यांच्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "बाई, माही पेन्शन हाये त्याच्यात."  त्यातली सर्वांत म्हातारी होती ती उठली आणि न सांगता बोरे ओढायला लागली.

मी ठेकेदाराला रजिस्टर दाखवलं. आमच्या एकोणीस बोऱ्यांपैकी अठरा बोरे चौदा ते सतरा किलोंचे होते. एकच साडेसत्तावीस. ज्यात ते कागद मी घातले, तोच. तो फुटलेला नसला तर काट्यावर सापडेल. ठेकेदाराने माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं आणि मोठा काटा मोकळा करून दिला.

आम्ही एकेक बोरा चढवत गेलो. तेवीस, चोवीस, बावीस, साडेतेवीस. माझी पाठ दुसऱ्या-तिसऱ्या बोऱ्यालाच बोलायला लागली. मी आकडा वाचायचा, दफ्तरीने बोरा उतरवायचा, म्हातारीने तो बाजूला लोटायचा. एकतिसावा बोरा सत्तावीस भरला. दफ्तरीने दाभणाने तोंड उसवलं. आत शाळेचे पेपर निघाले, मुलांच्या अक्षरातले. त्याने ते पुन्हा आत घातले आणि तोंड शिवून दिलं. घाई असूनही त्याने ते शिवलं, हे मला आठवतं.

चव्वेचाळिसावा बोराही सत्तावीसच्या आसपास. दफ्तरीने काट्याकडे पाहिलंच नाही. बोऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"हे कोन्या अनाड्यानं शिवलं?"

"मी," मी म्हणालो.

"मंग हाच."

कागद इतके घट्ट बसले होते की ओढून निघेनात. बोरा बाजूने उभा फाडावा लागला. लाल फुल्या दिसल्या. तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि एकेक कागद उलटा करून मांडीवर ठेवत गेला. मी मोजत होतो, मनात नाही, मोठ्याने. म्हातारीही शेजारी बसून बघत होती. हजेरीच्या शाईच्या ओळी, त्यांत त्याचं नाव, प्रत्येक दिवसापुढे एक रेघ, खाली सही. मधेच एक कागद त्याने हातात धरून ठेवला. त्याच्यावर काळी, स्पष्ट टाच उठली होती, बरोबर त्याच्या नावावर नाही, पण फार लांबही नाही.

"पाय कोनाचा?"

"माझा."

त्याने धोतराच्या सोग्याने तो कागद पुसला. डाग गेला नाही, पसरला. कागद कपाळाला लावून त्याने इतरांवर ठेवला आणि पुढचा घेतला. त्या क्षणी त्याने मला काही बोलायला हवं होतं असं मला वाटलं. बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

एकोणपन्नास कागद निघाले. शेवटचे पाच नव्हते. ते मी पुढच्या बोऱ्यात टाकलेले. तो बोरा पंधरा किलोचा होता, आणि पंधरा किलोचे आमचे बोरे ठेकेदाराने सगळ्यांत आधी फोडले होते, कारण उचलायला सोपे. ते ट्रकने गेलेले होते.

मी गोदामातच रजिस्टरच्या मागच्या पानावर हिशेब केला. पंचवीस वर्षं नऊ महिने अधिक एकोणपन्नास महिने. एकोणतीस वर्षं दहा महिने. दोन महिने कमी.

घरी आल्यावर बायकोने पाणी तापवून दिलं. धुळीने माझे केस पांढरे झाले होते. मी तिला सगळं सांगितलं. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "अहो, सगळे कागद उलटून पाहायला किती वेळ लागला असता?"

मी हिशेब केला. "त्या एका गठ्ठ्याला पंधरा मिनिटं."

"आणि आज किती लागला?"

मी बादली उचलली आणि केस धुवायला गेलो. 

पुढचे दोन दिवस मी नियमांची पुस्तकं काढून बसलो. एक वाट होती. एकोणपन्नासाव्या महिन्याला तो हजर होता. पंचावन्नाव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला तो कायम झाला, ते सेवापुस्तकात होतं. मधल्या पाच महिन्यांचे कागद होते, पण ते त्याच्या हातून नव्हे, कार्यालयाच्या हातून नष्ट झाले, असं लेखी दिलं तर मधला काळ सेवेत धरता येत होता. फक्त कार्यालय म्हणजे कोण, ते लिहावं लागणार होतं.

मी ते कागद पाहिले होते असं मात्र मला लिहिता येत नव्हतं. मी पाहिलेच नव्हते, हाच तर प्रश्न होता. म्हणून मी जे झालं ते लिहिलं. गठ्ठा मी तपासला, प्रत्येक पान तपासलं नाही, नियम मोडला, कागद मी स्वतःच्या हाताने बोऱ्यात घातले. चोपन्नपैकी एकोणपन्नास परत मिळाले, ते सलग आहेत आणि सोबत जोडले आहेत. उरलेले पाच माझ्या निष्काळजीपणामुळे गेले. त्याबद्दल दफ्तरी जबाबदार नाही.

साहेब दौऱ्यावरून आल्यावर त्यांनी ते वाचलं. चष्मा काढला.

"बडेबाबू, 'दप्तर हलवताना गहाळ' एवढं लिहिलं तरी चाललं असतं. तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध कशाला लिहून देता? पुढच्या वर्षी तुमचं नाव बढतीच्या यादीत आहे."

"सर, गहाळ लिहिलं तर ते विचारतील कुणाच्या ताब्यातून गहाळ झालं. दप्तरखाना त्याच्या ताब्यात आहे."

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. मग सही केली. दफ्तरी दाराशी उभा होता. त्याने ऐकलं असावं. तो आत आला नाही.

मे अखेरीला दफ्तरी निवृत्त झाला. आम्ही त्याला शाल आणि नारळ दिला, दोन जण बोलले, मी बोललो नाही. पेन्शनचे कागद आठ महिने फिरत राहिले. दोनदा शंका आल्या, दोन्ही वेळा मी उत्तर लिहिलं, दोन्ही वेळा तीच कबुली पुन्हा लिहावी लागली. शेवटी तीस वर्षं तीन महिने मान्य झाले. पूर्ण पेन्शन मिळालं. माझ्या गोपनीय अहवालात ताकीद लिहिली गेली आणि बढतीच्या यादीत माझं नाव माझ्याहून कनिष्ठ माणसाच्याही खाली गेलं. ते मला अपेक्षितच होतं. तरी यादी पाहिली त्या दिवशी मी घरी जाताना सायकल हातात धरून चालत गेलो.

कागद गोळा करायचं काम थांबलं नाही. टंचाई संपली तरी पत्रं येत राहिली. मी दोनदा विनंती केली की हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं. साहेब बदलले, नवे आले, तेही म्हणाले, "आकडे तुम्हालाच नीट ठेवता येतात." नवा चपराशी बोऱ्यात उभा राहून दाबू लागला. बोरे चोवीसचे, पंचवीसचे भरू लागले. पण महिन्याला एकोणीस भरत ते अकरावर आले, मग आठवर. कारण मी एकेक पान दोन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय आत जाऊ देत नव्हतो. वजन का घटलं म्हणून मला स्पष्टीकरण मागितलं गेलं. मी लिहिलं, 'तपासणीस वेळ लागतो.' त्यावर पुढे काही आलं नाही.

दीड-दोन वर्षांनी, धान कापून झाल्यावर, दफ्तरी एकदा कार्यालयात आला. काही काम नव्हतं. जुन्या सवयीने मागच्या व्हरांड्यात गेला. मी तिथे स्टुलावर बसून कागद उलटत होतो. तो शेजारी टेकला. थोडा वेळ बघत बसला.

"अजून तुमीच करून राहिले का?"

"कोण करणार मग?"

"वरचा, मधला, खालचा?"

"नाही. सगळे."

त्याने मान हलवली. भिंतीशी एक बोरा शिवून उभा होता. त्याचे टाके त्याने बोटाने चाचपले, जीभ टाळ्याला लावून चक् केलं आणि खिशातून दाभण काढलं. निवृत्त झाला तरी ते तो खिशात बाळगत होता. बोऱ्याचं तोंड उसवून त्याने पुन्हा शिवायला घेतलं. मी कागद उलटत राहिलो. शिवून झाल्यावर त्याने उरलेली सुतळी गुंडाळून माझ्या हातात दिली, रामटेकची गाडी चुकेल म्हणाला आणि निघाला.